आधी खिडकी, मग फरशी

"सिस्टर, हवेशीर खोलीत झोपा म्हणता, पण खोली एकच हाय की. हवा आणू कुठून?"

नांदेडच्या एका वस्तीतल्या ताईंनी आम्हाला हे विचारलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांना क्षयरोग होता. आम्ही गोळ्या समजावल्या, कागदावर 'सकस आहार, हवेशीर खोली' असं लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. दवाखान्यात आम्ही शेकडो जणांना हेच लिहून दिलं असेल. त्यातल्या एकाचंही घर आम्ही पाहिलेलं नव्हतं.

पुढं आम्ही काही जणी वस्त्यांत काम करू लागलो, तेव्हा त्या ताईंच्या घरी गेलो. दहा बाय बाराची खोली, वर पत्रे, आत पाच माणसं. खिडकी होती, पण तिच्यापुढं लग्नातलं लोखंडी कपाट उभं आणि कपाटावर गोधड्यांची चळत. आम्ही चौघींनी मिळून कपाट हलवलं. गंजलेल्या बिजागऱ्यांना तेल लावून खिडकी उघडली. दोन दिवसांनी ताईंच्या दिरानं समोरच्या भिंतीत, अगदी वर, चार विटा काढून झरोका केला.

ताई बऱ्या झाल्या त्या सहा महिने न चुकता घेतलेल्या गोळ्यांनी. खिडकीनं क्षयरोग बरा होत नाही. पण खोकल्यातून निघालेले जंतू बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. हवा खेळती असली की विरळ होतात, बाहेर जातात. त्या घरात दोन लेकरं होती. खिडकी त्यांच्यासाठी हवी होती.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. घरावर खर्च करायला चार पैसे हातात आले, तर आधी हवा, उजेड आणि सांडपाणी यांची सोय करावी. टाइल्स, पीओपी, रंगीत शोकेस नंतर. घर लहान आहे म्हणून आजारी पडायलाच पाहिजे असं नाही.

घर बांधतानाच ठरवा

रमाई आवास योजनेचं घरकुल २६९ चौरस फुटांचं. एवढ्या जागेत संसार मांडायचा तर प्रत्येक भिंत मोलाची. त्यामुळं होतं काय, की 'रस्त्याची धूळ येते', 'लोक डोकावतात', 'कपाट कुठं ठेवू' असं म्हणत एकेक खिडकी कमी होते. मिस्त्रीलाही ते सोपंच पडतं.

खिडक्यांचा निर्णय पाया झाल्यावर, लिंटेलच्या आधी घ्यावा लागतो. एकदा लिंटेल पडला की पुढं फोडाफोड आणि दुप्पट खर्च. साधा हिशोब लक्षात ठेवा: खिडक्यांची उघडी जागा खोलीच्या निदान दहाव्या हिश्श्याएवढी असावी. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट, तर खिडकी १२ चौरस फुटांची, म्हणजे तीन बाय चार. ती एकाच भिंतीला नको. समोरासमोर दोन ठेवल्या तर वारा आरपार जातो. दुसरी खिडकी बसत नसेल तर छताखाली सिमेंटची जाळी बसवा. गरम हवा वर चढते आणि तिथून बाहेर पडते. लोक डोकावतात ही अडचण खरी आहे, विशेषतः बायकांसाठी. त्यावर खालच्या अर्ध्या भागाला पडदा लावा, वरचा अर्धा मोकळा ठेवा आणि खिडकीला डासांची जाळी मारा.

घर जुनं असेल तर आज संध्याकाळी एवढंच करा. घरातली खिडकी कशानं झाकली आहे ते पाहा. कपाट, दिवाण, पाण्याची टाकी, कॅलेंडर, जे काही असेल ते हलवा.

पत्र्याखालचा उन्हाळा

आपल्या आज्ज्या माळवदाच्या घरांत राहिल्या. जाड दगड-मातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. वैशाखातही आत गारवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच भिंती आणि तीच जड छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. त्यानंतर माळवदाखाली झोपायला लोक भ्यायले, ते बरोबरच होतं. पत्र्याचं छत हलकं, पण ते ऊन थेट खाली सोडतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो तेव्हा दुपारी पत्र्याखाली तान्हं बाळ, बाळंतीण आणि म्हातारं माणूस यांच्या जिवाला धोका असतो.

पत्र्याला वरून पांढरा ऑइलपेंट द्या. पांढरा रंग ऊन परतवतो. स्लॅब असेल तर चुन्यात थोडा फेविकॉल मिसळून दोन हात मारा. पत्र्याच्या वर फूटभर अंतर सोडून हिरवी शेडनेट ताणली तर आणखी फरक पडतो. आतून बांबूची तट्टी पत्र्यापासून अर्धा फूट खाली टांगता येते. मात्र चुलीच्या आणि उघड्या वायरींच्या वर तट्टी, कडबा, तुराट्या असलं काहीही नको. आग लागायला एक ठिणगी पुरते. भर दुपारी खिडकीला ओलं पोतं लावा, रात्री आणि पहाटे सगळं उघडं ठेवा. एखादं माणूस उन्हानं बरळायला लागलं, अंग तापलं, शुद्ध हरपू लागली, तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

साठवलेलं पाणी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते आपण विसरलेलो नाही. ज्यांनी आठ-आठ दिवस नळाची वाट पाहिली, त्यांना 'पाणी साठवू नका' म्हणणं हा उद्धटपणा आहे. पाणी साठवावंच लागतं. पण डेंगीचा डास ह्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि पाणी नसतानाही कित्येक महिने टिकतात. म्हणून ड्रम नुसता रिकामा करून चालत नाही, आतून घासावा लागतो. आठवड्यातला एक दिवस कोरडा दिवस ठरवा. जो ड्रम मोकळा करता येत नाही त्याचं तोंड जुन्या सुती साडीनं घट्ट बांधा. कूलरची टाकी आणि फ्रिजच्या मागचा ट्रेही बघा.

अंगण हा घराचाच भाग

टीव्हीवरच्या जाहिरातीत घरापुढं हिरवीगार लॉन असते. आपल्याला ती परवडत नाही आणि लातूरच्या पाण्यात ती शोभतही नाही. आपल्यापुढं चार-सहा हाताचं अंगण असतं. हल्ली घर झालं की पहिल्यांदा त्यावर कोबा करतात. चिखल टळतो हे खरं, पण कोबा दिवसभर तापतो आणि न्हाणीचं पाणी गल्लीत जाऊन साचतं.

ह्याचा इलाज आपल्याच जिल्ह्यात झाला आहे. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे केले, सांडपाणी जमिनीत जिरवलं, आणि डासमुक्त गाव म्हणून नाव मिळवलं. पुढं जिल्हाभर हे काम झालं तेव्हा त्याला 'नांदेड पॅटर्न' म्हणू लागले. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवतीनं दगड. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी पाइपानं टाकीत सोडायचं, वरून झाकण. काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही, तिथं मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं. हातपंप किंवा विहीर निदान पन्नास फूट लांब असावी. संडासाचं पाणी ह्यात कधीही सोडू नये.

मग कोब्याची एक पट्टी मोकळी ठेवा. शेवगा आणि कढीपत्ता कमी जागेत येतात. शेवग्याचा पाला वरणात पडला तर रक्त कमी असलेल्या लेकी-सुनांच्या पोटात लोह आणि जीवनसत्त्व जाईल. पश्चिमेला जागा असेल तर भिंतीपासून अंतर सोडून कडुनिंब लावा, दुपारचं ऊन अडेल. पिंपळ मात्र घराला खेटून नको, त्याची मुळं भिंत फोडतात. बोधिवृक्ष विहाराच्या मोकळ्या आवारात लावू, तिथं सगळ्यांना सावली मिळेल. सरपण आणि विटांचा ढीग भिंतीला लावून ठेवू नका. त्यात विंचू-साप बसतात आणि जमिनीवर झोपणाऱ्या लेकरांना चावतात.

जे एकट्या घराचं काम नाही

हे सगळं केलं तरी वस्तीच्या तोंडाशी उघडा नाला वाहत असेल तर एका घरानं किती करायचं? आपल्या बऱ्याच वस्त्या गावाच्या कडेला, सखल जागी आहेत. ती जागा आपण आवडीनं निवडलेली नव्हती. म्हणून कुणी आपल्याला 'तुमची वस्तीच घाण' म्हणालं तर मान खाली घालायची गरज नाही. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या वस्त्यांच्या विकासासाठी योजना आहे, तिच्यातून गटार, पाणी, रस्ते यांची कामं होतात. ग्रामसभेत बायांनी एकत्र जावं, नाल्याचा आणि तुंबलेल्या पाण्याचा फोटो जोडून लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि जे आमच्यासारखे पांढऱ्या कपड्यात बसून सल्ले देतात, त्यांना एक विनंती. 'हवेशीर खोली' लिहिण्याआधी विचारा, घरात खिडकी आहे का, आणि ती उघडते का.

त्या ताई परवा विहारात भेटल्या. नातीसाठी घर वाढवत आहेत. म्हणाल्या, "सिस्टर, मिस्त्रीला आधी खिडकीची जागा दावली, मग विटा मागवल्या." आम्हाला आणखी काय पाहिजे?

जयभीम.