लहरी वेल

आता तुम्ही म्हणाल, मराठीच्या मास्तराला द्राक्षांच्या दारूशी काय कर्तव्य? आमच्या घरी द्राक्षासव येई ते वैद्यांच्या सांगण्यावरून, तेही चमच्याने मोजून. पण गेल्या माघात निफाडकडचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला आणि त्याने बारीक, पिवळसर मण्यांचा एक घड टेबलावर ठेवला. साल जाड, आत बिया; पण मागाहून तोंडात जर्दाळूचा वास दरवळला.

"व्हिऑन्ये, सर." नाव उच्चारताना माझीच जीभ अडखळली!

हिचे माहेर फ्रान्सात, रोन नदीकाठी काँद्रिय गावी. उभ्या टेकड्या, दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या. पावसाने माती वाहून गेली की ती पुन्हा वर न्यायची. त्यात वेल लहरी. फळ धरेलच असा नेम नाही. लवकर तोडले तर सुगंध नाही. उशीर झाला तर आंबटपणा जातो आणि वाईन जडशीळ होते. महायुद्धांत माणसे गेली, उरलेली कारखान्यांकडे वळली. १९६० नंतरच्या काही वर्षांत ही वेल जेमतेम दहा-पंधरा हेक्टरांवर उरली होती! जॉर्ज व्हेर्ने यांच्यासारख्या मोजक्या हट्टी माणसांनी ती सोडली नाही. ते २०१७ साली वारले, तोवर ती कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया करीत आमच्या नाशकापर्यंत पोचली होती.

तिकडे छाटणी हिवाळ्यात, एकदाच. इकडे दोनदा, एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. ('गोडी छाटणी' हा शब्द कुणा कवीचा नाही, बागाईतदारांचा आहे, हे मी वर्गात मुद्दाम सांगतो.)

"आण्णांनी २०१० साली वाईनची बाग उपटली," तो म्हणाला. "ज्यांच्याशी करार होता त्यांनी माल उचललाच नाही. खायची द्राक्षे बाजारात तरी नेता येतात. ही बियांची कोण घेणार?"

"मग तू पुन्हा का लावलीस?"

"अर्धाच एकर आहे, सर. आण्णा अजून त्या बांधावर फिरकत नाहीत."

परवा त्याचा फोन आला. गोडी छाटणी उरकली होती. मजूर मिळाले का, म्हणून विचारले. तो क्षणभर थांबला.

"एक कमी पडला होता. शेवटच्या दोन ओळी आण्णांनी छाटल्या."