कोंबडा की कोंबडी?

करवंद दातांनी अर्धे तोडायचे आणि विचारायचे, "कोंबडा की कोंबडी?" आत लालभडक निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी! सह्याद्रीच्या आसपास वाढलेली आणि मे महिन्याच्या सुट्टीत हा खेळ न खेळलेली मैत्रीण मला तरी अजून भेटायची आहे. हा फरक कधी फळाच्या पिकण्याचा असतो, पण बऱ्याचदा जाळीचाच असतो.

हे आठवायचे कारण आमचा बचतगट. आम्ही करवंदाचे लोणचे आणि सरबत करतो. एका सदस्येची माळावरची वरकस जमीन गटाला वापरायला मिळणार आहे. बैठकीत ठरले, तिथल्या जुन्या जाळ्या जेसीबीने उपटायच्या आणि मोठ्या फळाच्या एकाच झाडाची कलमे सगळीकडे लावायची. माल एकसारखा, तोडायला सोपा. मीसुद्धा मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पळसाच्या द्रोणात करवंदे विकणाऱ्या मावशी दारात आल्या. त्यांना सहज म्हटले, लोणच्याला हवीत. तर म्हणाल्या, "मग ही नको बाई, ही ओढ्याकडची, गोड हायेत. लोणच्याला वरच्या टेपावरची आणते." त्यांच्या लेखी प्रत्येक जाळीचा स्वभाव वेगळा. आणि आम्ही त्या सगळ्या एका दिवसात उपटायला निघालो होतो!

रानातली करवंदे बियांपासून उगवतात. पाखरे फळे खातात, बी कुठेतरी पडते. फुलांवर किडे-माश्या परागकण इकडून तिकडे नेतात, म्हणून प्रत्येक रोपात आईचे थोडे, बापाचे थोडे. एका घरातली भावंडे तरी कुठे सारखी असतात? कोणी उन्हाला चिवट, कोणी लवकर पिकणारे, कोणी आंबट. कलम म्हणजे मात्र मूळ झाडाची हुबेहूब नक्कल. शंभर कलमे लावली तरी झाड एकच. त्याला न सोसणारा रोग आला की शंभरही एकदमच आजारी.

आयर्लंडमध्ये १८४५ साली हेच झाले. गरिबांच्या शेतात बहुतेक एकाच जातीचा बटाटा, तोही कंदापासूनच लावलेला. करपा आला आणि पीक जागेवर सडले. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे गेली. सरकारचा नाकर्तेपणाही त्यात होताच, पण सुरुवात तिथून झाली.

आमच्यावर कोणी उपाशी मरायची वेळ येणार नाही, कबूल. पण चांगली जात तरी येते कुठून? 'कोकण बहाडोली' हे टपोरे जांभूळ दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पालघरकडच्या बहाडोली गावातल्या झाडांतूनच निवडले. तिथे तऱ्हेतऱ्हेची झाडे होती, म्हणून निवडता आले. उद्याचे उत्तम करवंद कदाचित आमच्याच माळावरच्या एखाद्या काटेरी जाळीत असेल. आणि बी डब्यात भरून ठेवू म्हणाल, तर करवंदाचे बी फार दिवस ठेवले की रुजत नाही. जाळी राहिली तरच ते राहणार.

थोड्याच जाळ्या उरल्या, त्याही लांब लांब, तरी पंचाईत. मग परागकण त्याच त्या दोन-चार झाडांत फिरतात. पिढ्यान् पिढ्या जवळच्या नात्यातच लग्ने व्हावीत, तसे.

कलमांना माझा विरोध नाही. मोकळ्या जागेत ती जरूर लावावीत. पण जुन्या जाळ्यांना हात लावू नये. बांधाला त्यांच्याइतके चांगले कुंपण विकत मिळणार आहे का? यात कलमे कमी बसतील, पैसेही कमी मिळतील. ज्यांचे कर्जाचे हप्ते थकलेत त्या दोघी माझ्यावर चिडतील आणि त्यांचे चुकते असेही नाही. येत्या शनिवारी बैठक आहे. मावशींकडून पाच जाळ्यांची करवंदे वेगवेगळ्या द्रोणांत मागवली आहेत. आधी सगळ्यांना चाखायला देणार, मग बोलणार.