सहलीची आखणी पाण्यापासून

गेला महिनाभर आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली की जमिनीवर महाराष्ट्राचा नकाशा पसरला जातो. आम्ही, मुलांची आई, धाकटा भाऊ, त्याची बायको, मुले आणि खाटेवर बसलेली आई, असे सगळे त्याभोवती जमतात. दिवाळी झाल्यावर रत्नागिरीहून अजिंठ्याला गाडीने जायचे ठरले आहे. एरवी आपल्या घरातली माणसे १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाहेर पडतात. ते जाणे कर्तव्याचे असते. नुसते चार दिवस घरच्यांना घेऊन हिंडायला जाणे अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही. पैसे कुठून आणायचे हा एक प्रश्न. आणि "लोक काय म्हणतील, एवढे कसे माजले" ही जुनी धास्ती मनात असते, हा दुसरा.

आमची धास्ती मात्र निराळी आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी वस्तीतल्या महिलांची सहल आम्हीच अजिंठ्याला नेली होती. बायांनी आठवड्याला दहा-दहा रुपये बाजूला टाकून वर्षभरात पैसे जमवले. रविवारी वेरूळ पाहिले, सोमवारी सकाळी फर्दापूरला जाऊन उतरलो, तर लेणी बंद. अजिंठा दर सोमवारी बंद असतो आणि वेरूळ दर मंगळवारी. हे आम्ही विचारलेच नव्हते. सर्वांना कामावर हजर व्हायचे होते, म्हणून तिथूनच परत फिरलो. शेजारच्या आजी हसत म्हणाल्या, "बुद्धाला बी सोमवारची रजा असते काय रे?" त्यांनी आम्हाला एक शब्दही लावला नाही. पुढे त्या वारल्या. अजिंठा त्यांनी पाहिला नाही तो नाहीच. चूक सर्वस्वी आमची होती आणि ती अजून सलते. त्या आजी आमच्या आईच्या मैत्रीण. आता आईचेही गुडघे बोलू लागले आहेत. म्हणून या खेपेला आखणी चुकता कामा नये.

आम्ही पडलो कारकून. कागदावर मांडल्याशिवाय आम्हाला काही सुचत नाही. तेव्हा वार पहिल्यांदा मांडले. शनिवारी पहाटे रत्नागिरी सोडायची. हातखंब्यावरून महामार्गाने चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, पुढे उंब्रजला मोठ्या रस्त्याला लागून सातारा आणि पुणे. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. मुक्काम पुण्यात नातेवाइकांकडे. रविवारी अहिल्यानगरवरून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले जुने औरंगाबाद, ते सुमारे २३५ किलोमीटर. संध्याकाळी नागसेनवन पाहायचे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तिथे महाविद्यालय सुरू केले. ती जागा मुलांनी पाहावी ही इच्छा. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, बुधवारी परत पुणे, गुरुवारी घर. आमच्या चार किरकोळ रजा जातील. त्या याच कामासाठी राखून ठेवल्या आहेत.

वारानंतर पाणी. कोकणातल्या माणसाला पाण्याची पर्वा नसते. आपल्याकडे घामाने अंगातला सदरा भिजतो, मग आपोआप तहान लागते. घाटावर आणि मराठवाड्यात हवा कोरडी. घाम येतो तो तिथल्या तिथे वाळतो, अंगातले पाणी कमी झाले ते कळतही नाही. लहान मूल चिडचिड करू लागते, म्हाताऱ्या माणसाला भोवळ येते, तेव्हा लक्षात येते. त्यात अजिंठ्याची जागा म्हणजे नुसता काळा कातळ. आपला जांभा कुऱ्हाडीच्या घावाने चिऱ्यासारखा निघतो, तसा हा दगड नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वाहिलेल्या तप्त रसाचे थरावर थर थिजून तो झाला. वाघूर नदीने तो कापत कापत घोड्याच्या नालेच्या आकाराची खोल घळ केली. तिच्या माथ्याशी पाणी सात टप्प्यांनी खाली उतरते, त्याला सातकुंड म्हणतात. कडा सुमारे ७६ मीटर उंच, आणि त्याच्या पोटात ३० लेणी. दुपारी हा कातळ तापला की भट्टीसारखा उष्मा बाहेर टाकतो. म्हणून एप्रिल-मे वर्ज्य. पावसाळ्याच्या अखेरीस धबधबा असतो, पण निसरडेही असते. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

माणशी दिवसाला ४ लिटर धरून आम्ही लिहिले : माणसे ८, पाणी ३२ लिटर. मुलांच्या आईने कागद पाहिला आणि विचारले, "गाडी चालवणारा माणूस नव्हे का?" आम्ही वरमलो. सामाजिक कार्यात इतकी वर्षे घालवून हिशेबात चालकच विसरलो. ३२ खोडून ३६ केले. २० लिटरचे दोन डबे घ्यायचे. चालकाचे जेवण आमच्याबरोबर, आमच्याच पंगतीला. त्याला झोपायला नीट जागा. रात्री आठनंतर गाडी चालवायची नाही. याशिवाय कोकमाचे आगळ, मीठ-साखरेची पुडी, घाटात मळमळणाऱ्यांसाठी आले आणि लिंबू. हा खर्च फार नाही, पण विसरला तर भारी पडतो.

पाण्याचा हिशेब चालू असताना थोरल्या मुलीने विचारले, "बाटली विकत मिळते ना सगळीकडे?" मिळते. पण आपल्या माणसांच्या प्रवासात पाण्याची गोष्ट निराळी आहे, ती मुलांना सांगायची वेळ आलीच होती. आमच्या वाटेवर उंब्रजच्या जवळच मसूर आहे. १९०१च्या सुमारास, नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून आगगाडीने या मसूर स्टेशनावर उतरली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला, दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुटीत मुलांनी त्यांच्याकडे जायचे ठरले. ती सुद्धा सहलच होती. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, सारी तयारी झाली होती. येतो म्हणून पत्रही धाडले होते. पण ते पत्र नोकराच्या विसराळूपणामुळे वडिलांना मिळालेच नाही. स्टेशनावर घ्यायला कोणी आले नाही. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैल मुलांनी हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. डब्यात खाणे भरपूर होते, पण पाणी कोणी दिले नाही. मध्यरात्री जकातनाक्यावरही मिळाले नाही. अन्न जवळ असून पोरे उपाशी निजली.

दुसरी गोष्ट १९३४ सालची. महाडचा सत्याग्रह होऊन सात वर्षे लोटली होती. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना सहलीला चला म्हणून आग्रह केला. काही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले. सुमारे तीस माणसे नाशिकहून निघून येवल्याला मुक्काम करून निजामाच्या मुलखात आली. वाटेत त्रास नको म्हणून बेत मुद्दामच जाहीर केला नव्हता. दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी भरलेला हौद दिसला. प्रवासाने अंग धुळीने माखले होते, म्हणून मंडळींनी हातपाय धुतले. तेवढ्यात हौद बाटवला म्हणून आरडाओरडा सुरू झाला. रमजानचे दिवस होते. बाबासाहेबांनी जमलेल्यांना विचारले की, अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला तुम्ही पाणी नाकाराल काय? त्यावर लोक गप्प झाले. मग किल्ला पाहायला मिळाला, पण पाण्याला हात लावू नये म्हणून हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला. या दोन्ही हकिकती त्यांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत.

मुली बराच वेळ गप्प होत्या. मग धाकटीने विचारले, "बाबासाहेबसुद्धा फिरायला जायचे?" आम्हाला हा प्रश्न फार आवडला. जायचे, बाई. ग्रंथ आणि सभा यांच्या पलीकडेही त्यांना जग पाहायचे होते. आपल्या गाडीला आज कोणी अडवणार नाही. वेरूळला जाताना दौलताबादच्या दारात गाडी पाच मिनिटे थांबवायची, उतरून सर्वांनी आपल्या डब्यातले पाणी प्यायचे, असे ठरले आहे. घोषणा नको, भाषण नको.

प्रवासात पाण्याने घात केल्याची आणखी एक गोष्ट आहे. सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्यु-एन-त्संग एकटा वाळवंट ओलांडत भारताकडे निघाला होता. हातातून पखाल निसटली, सारे पाणी वाळूत सांडले. चार रात्री आणि पाच दिवस घशाखाली थेंब गेला नाही. तरी त्याने प्रवास सोडला नाही. त्याने पुढे आपल्या वृत्तान्तात डोंगराच्या कुशीतल्या ज्या विहाराचे वर्णन केले, तो अजिंठाच असावा असे अभ्यासक मानतात. भिक्खूंनी वाघूरची घळ निवडली त्यालाही पाणी हेच कारण. वर्षावासाला निवारा हवा, जवळ नदी हवी. पूर्वी जवळजवळ प्रत्येक लेण्यातून नदीपर्यंत दगडी पायऱ्या उतरत होत्या. त्यांतल्या बहुतेक आता नाहीशा झाल्या आहेत.

आता शेवटचा मुद्दा, आईचा. फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी ठेवावी लागते. तिथून सुमारे ४ किलोमीटर तिथल्या बसने जायचे. पुढे पायऱ्यांचा चढ. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते, चार माणसे खांद्यावरून नेतात. आम्ही डोलीचे पैसे हिशेबात धरले, तर आई म्हणाली, "मानसाच्या खांद्यावर बसून मी नाय जायाची. आपल्या वाडवडलांचे खांदे काय कमी झिजले?" आम्ही म्हटले, "आई, त्या माणसांचे पोट त्याच्यावर आहे. तू बसली नाहीस तर त्यांची मजुरी बुडते." ती म्हणाली, "मग मजुरी द्या, मला नको उचलू." या वादाचा निकाल अजून लागलेला नाही. तिचे खरे की आमचे, हे आम्हालाही सांगता येत नाही. तूर्त ती रोज संध्याकाळी नातीचा हात धरून थिबा राजवाड्याकडचा चढ चढते. दहा पावले झाली की थांबते, पुन्हा चालू लागते. आम्ही एक हलके स्टूल सामानात घेतले आहे आणि तिच्यासाठी पाचच लेणी निवडली आहेत. पहिल्यात पद्मपाणी. दहावे, जे सर्वांत जुन्यांपैकी, इसवी सनाच्या आधीचे. सतरावे चित्रांचे. एकोणिसाव्याचा दर्शनी भाग. आणि सव्विसाव्यातले महापरिनिर्वाण, सुमारे ७ मीटर लांबीची निजलेली मूर्ती. ते टोकाला आहे. तिथवर पोचली तर पोचली. नाही पोचली, तर पहिल्या लेण्यापुढे कठड्याशी बसून सगळी घळ दिसते. डोलीचे पैसे मात्र आम्ही हिशेबातून खोडलेले नाहीत. बसायचे की नाही ते तिने ठरवावे.

कोणी जाणार असाल तर एवढे ध्यानात ठेवा. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. निघण्यापूर्वी एकदा चौकशी कराच. सकाळी दार उघडायच्या वेळी हजर राहा. चित्रांच्या लेण्यांत जोडे बाहेर काढावे लागतात, तेव्हा सहज निघतील अशा वहाणा घाला. आत उजेड मंद असतो. दोन मिनिटे स्वस्थ उभे राहा, मग चित्र हळूहळू दिसू लागते. फ्लॅशने फोटो काढायला बंदी आहे. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात आपले नाव खरडून ठेवले. आपल्या मुलांनी तसे करू नये, हे घरूनच सांगून न्या.

काल रात्री कागद घडी करून ठेवताना आई म्हणाली, "एक बाटली जास्तीची घे." आम्ही विचारले, कशाला? "वाटेत कुनी मागितलं तर?"

३६चे ३७ केले आहेत. जयभीम.