नगण्य म्हणे!

परवा माळा आवरताना कॉलेजातली एक वही सापडली. उपग्रहाच्या गणितात मी सूर्यप्रकाशाचा दाब धरला होता. सरांनी लाल पेनाने काट मारून बाजूला लिहिलं होतं, 'नगण्य'. एक मार्क गेला. मार्काचं दुःख नाही (आहे थोडं!), पण नगण्य कशाच्या तुलनेत, हे कुणीच का सांगत नाही?

१३०० किलोचं यान आणि १० चौरस मीटर उन्हाकडे तोंड केलेला पृष्ठभाग घ्या. पृथ्वीच्या अंतरावर ऊन दर चौरस मीटरला साधारण ४.५ मायक्रोन्यूटन रेटतं. पृथ्वीपासून ४०० किमी वर हा धक्का गुरुत्वाच्या पंचवीस कोटींत एक. चला, तिथे सर बरोबर. आता तेच यान बेन्नू या जेमतेम ४९० मीटर व्यासाच्या लघुग्रहाभोवती, केंद्रापासून पावणेदोन किमीवर ठेवा. बेन्नूची ओढ किती? पृथ्वीवर चिमूटभर मिठाचं वजन भरेल तेवढी! उन्हाचा धक्का तिच्या चाळीस-पंचेचाळिसावा भाग. यानाचा वेग सेकंदाला पाच सेंटिमीटर, मुंगीसुद्धा पुढे जाईल. आणि ऊन त्यात रोज तीन मिलिमीटर प्रति सेकंदाची ढवळाढवळ करतं. कक्षेचं प्रतल सूर्याच्या दिशेत असेल तर गोल कक्षा लांबट होत जाते आणि माझ्या कच्च्या हिशोबाने दोनेक आठवड्यांत यान दगडावर आपटतं.

म्हणूनच ३१ डिसेंबर २०१८ ला ओसायरिस-रेक्स बेन्नूच्या कक्षेत शिरलं ते दिवस-रात्रीच्या सीमारेषेवरून फिरणाऱ्या कक्षेत. प्रतल सूर्याला काटकोनात, त्यामुळे ऊन सगळी कक्षाच किंचित मागे ढकलतं, ती लांबट करत नाही. आणि गंमत पाहा राव, बेन्नू सूर्याभोवती फिरतो तसं तेच ऊन हे प्रतलही वळवत राहतं. इंधन न जाळता! जपानचं हायाबुसा तर २००५ मध्ये इटोकावाच्या कक्षेत गेलंच नाही, समोर तरंगत राहिलं.

"हे लघुग्रहांचे लाड झाले," असं मित्र म्हणाला. खोटं! १९६० साली सोडलेला एको-१, तीस मीटरचा हलका फुगा, पृथ्वीभोवतीच होता. उन्हाने त्याची कक्षा चांगलीच लांबट केली. जीपीएसच्या उपग्रहांची जागा अचूक काढायची तर आजही हा दाब धरावाच लागतो. म्हणजे तुमच्या मोबाइलचा नकाशा त्या 'नगण्य' पदावर चालतो.

आमच्याकडेही हेच चालतं. कोडमध्ये अमुकपेक्षा लहान संख्या दिसली की शून्य. कुठल्या एककात लहान, कशाशेजारी लहान, विचारायचं नाही. विचारलं तर 'फार खोलात शिरतोस' असा शेरा.

असो. सर निवृत्त झालेत म्हणे. एक मार्क अजून येणे आहे.