पाप झाकू नका, घर तोडू नका

सास्तूरच्या माणसाशी पापाविषयी बोलायचं तर आधी भूकंपाचं बोलावं लागतं. 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती माळवदासकट अंगावर आल्या. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची कितीतरी गावं जमीनदोस्त झाली. सुमारे 10 हजार माणसं गेली. कुणाच्या तरी पापाचा घडा भरला म्हणून धरणी कोपली, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही भेटतात. 1934 सालच्या बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं, तेव्हा रवींद्रनाथ टागोरांनी त्यांना जाहीर विरोध केला होता. या बाबतीत मी रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे. माळवदाखाली गेलेल्या तान्ह्या लेकराच्या माथी कुणाचंही पाप मारू नये. ज्याचं अख्खं घर गेलं त्याला तर हे ऐकवूच नये.

पण म्हणून एकाच्या पापाची झळ दुसऱ्याला लागत नाही, असं समजू नका. लागते, आणि ती माणसांमार्फतच लागते.

अखंड हरिनाम सप्ताहातला वीणेचा पहारा आठवा. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. रात्री दोन-तीनच्या सुमाराला मंडपात चार-दोन माणसं उरतात, वीणेकऱ्याचे डोळे जड होतात. त्याच्या हातून वीणा खाली टेकली, तर खंड त्याच्या एकट्याच्या पहाऱ्यात पडत नाही, सगळ्या सप्ताहात पडतो. म्हणून पुढचा माणूस वेळेआधी येऊन उभा राहतो, शेजारी टाळ धरणारा त्याच्यावर लक्ष ठेवतो. एखादा पेंगायला लागला तर त्याला कुणी हाकलून देत नाही. खांद्याला हात लावून वीणा आपल्या गळ्यात घेतात.

पैशाच्या आणि वागणुकीच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो. वर्गणीचं पावतीपुस्तक एकाच्याच घरी राहतं. हिशेब विचारला की ‘देवाच्या कामात संशय घेता का?’ असं ऐकावं लागतं, आणि आपण गप्प बसतो. दोन वर्षांनी बोभाटा होतो, तेव्हा चटणी-भाकरी खाऊन पन्नास रुपये देणारी म्हातारीसुद्धा हात आखडता घेते. एकानं खाल्लं, आणि अविश्वास सगळ्या मंडळाच्या वाट्याला आला.

आपल्याच जिल्ह्यातलं बघा. तुळजाभवानीच्या दानपेटीच्या लिलावात कोट्यवधींचा अपहार झाल्याचा आरोप आहे, तोही 1991 ते 2009 या काळातला. गुन्हा नोंदवा, असं 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला सांगावं लागलं. मग 2025 च्या सुरुवातीला तुळजापुरात एमडी ड्रग्जचं प्रकरण उघडकीला आलं आणि आरोपींमध्ये काही पुजाऱ्यांची नावं आली. दोषी कोण, हे कोर्ट ठरवेल. पण ज्यांचा या कशाशी काडीचा संबंध नाही, पिढ्यानपिढ्या आईची सेवा करणाऱ्या अशा घरांनाही खाली मान घालावी लागली. लपवाछपवी जितकी लांबते तितका हा डाग पसरतो.

तेव्हा मंडळी, कळकळीनं सांगतो. सप्ताह असो, मशिदीची जमात असो, चर्च असो की बसवजयंतीची कमिटी, आपल्यातल्या कुणी गुन्हा केला तर ‘घरातली गोष्ट घरातच मिटवू’ म्हणू नका. बाई-लेकरांशी वाईट वागणारा माणूस कितीही मोठा कीर्तनकार, मौलवी किंवा स्वामी असला तरी पोलिसांत जा. धर्माची इज्जत त्याला पाठीशी घातल्यानं वाचत नाही. उलट ज्या लेकराचं वाटोळं झालं, ते आयुष्यभर देवळाची पायरी चढत नाही.

दुसरं याहून अवघड आहे. पाप ज्याचं त्याचं असतं, त्याच्या बायका-पोरांचं नसतं. विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले म्हणून आळंदीनं त्यांच्या चारही लेकरांना वाळीत टाकलं, असं परंपरा सांगते. त्या लेकरांत ज्ञानोबा होते, मुक्ताई होती. वाळीत टाकणाऱ्यांना आपण धर्म राखतोय असंच वाटत होतं. आज महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे. 2016 चा तो कायदा 2017 पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण न बोलता टाकलेला बहिष्कार कायद्याला सहजी सापडत नाही. विहिरीवर बोलणं बंद होतं, लग्नाची पत्रिका जात नाही, पोरीचं ठरत आलेलं स्थळ मोडतं. आणि गुन्हेगार दुसऱ्या समाजाचा असला, तर अख्ख्या समाजाकडेच बोट जातं. ते बोट आपलं नाही ना, एवढं बघा.

चुकलेला माणूस खरंच वळला, खाल्लेलं भरून दिलं, शिक्षा भोगून आला, तर त्याला पंगतीत बसू द्या. तिजोरीची किल्ली मात्र लगेच देऊ नका. माफी वेगळी आणि जबाबदारी वेगळी, आणि ती वेगळी ठेवली म्हणून त्याचाही अपमान होत नाही.

यंदाच्या सप्ताहाची बैठक भरली की कीर्तनकारांच्या तारखा धरण्याआधी मागच्या वर्षीचा हिशेब वाचायला सांगा. जमा आणि खर्च देवळाच्या फळ्यावर लिहा, पावतीपुस्तकं दोघांच्या सहीनं द्या. आणि गावात एकाच्या पापापायी असं न बोलता वाळीत पडलेलं एखादं घर असेल, तर महाप्रसादाचं बोलावणं पोराबरोबर धाडू नका. दोन मोठी माणसं जा, ओसरीवर बसा, चहा घ्या आणि मग या म्हणून सांगा.