इलिये आणि काँब्रे : एका जोडनावाविषयी

फ्रान्समध्ये शार्त्र शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे २५ किलोमीटरवर, ल्वार नदीच्या काठी, इलिये नावाचे लहानसे गाव आहे. ही ल्वार म्हणजे राजवाड्यांसाठी प्रसिद्ध असलेली थोरली ल्वार नव्हे. उच्चार एकच, नदी निराळी. आणि उगम जवळच असल्याने इथे ती जेमतेम ओढ्याएवढी. १९७१ मध्ये, मार्सेल प्रूस्तच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, या गावाने आपल्या नावाला प्रूस्तच्या कादंबरीतल्या गावाचे नाव जोडले आणि ते अधिकृतपणे ‘इलिये-काँब्रे’ झाले. वास्तवाने कल्पिताला दिलेली ही मानवंदना साहित्यप्रेमींना सुखावणारी आहे खरी. परंतु तिच्यामुळे कादंबरी आणि गाव या दोहोंवरही अन्याय झाला आहे, असे आम्हांला वाटते.

आधी गावाविषयी. एका बाजूला बोसचे गव्हाचे सपाट मैदान, दुसऱ्या बाजूला पेर्शची कुंपणांनी विभागलेली चढउतारांची कुरणे. या दोन प्रदेशांच्या सीमेवर इलिये वसले आहे. मैदान आणि नदी अशा कादंबरीतल्या फिरण्याच्या दोन वाटांचे मूळ याच भूगोलात आहे. इथले जुने चर्च संत जाकचे, म्हणजे स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेकरूंच्या संताचे. प्रूस्तचे आजोबा इथले किराणा दुकानदार. १८३४ मध्ये इथेच जन्मलेले त्याचे वडील आद्रियाँ पुढे नामांकित डॉक्टर झाले आणि पटकीच्या प्रसाराचा मार्ग अभ्यासण्यासाठी १८६९ मध्ये इराणपर्यंत जाऊन आले. आत्याचे यजमान कापडाचे व्यापारी. दुकानदारांच्या या गावातून एका पिढीत पॅरिसला पोचलेल्या घराण्याची ही हकीकत स्वतंत्रपणे वाचण्याजोगी आहे. मात्र आत्याचे ते घर आज ओळखले जाते ते कादंबरीतल्या ‘लेओनी’च्या नावाने.

आता कादंबरीविषयी. काँब्रे केवळ इलियेतून घडलेले नाही. प्रूस्तचा जन्म झाला त्या ओतय येथील, आजोळकडच्या घराचा आणि बागेचाही त्यात वाटा आहे. याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. पहिला खंड १९१३ मध्ये निघाला आणि १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. तेव्हा प्रूस्तने काँब्रे उचलून पूर्वेकडे, थेट युद्धआघाडीवर नेऊन ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर, १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखेरच्या खंडात काँब्रेचे चर्च युद्धात उद्ध्वस्त झालेले आहे. आघाडीपासून दूर असलेल्या इलियेतले चर्च मात्र आजही उभे आहे.

या एका तपशिलापुढे ते जोडनाव टिकत नाही. लेखकाने कलाकृतीच्या गरजेनुसार आपले गाव नकाशावरून हलवले आणि वाचकांनी ते पुन्हा मूळ जागी नेऊन बसवले. वाचकांच्या ओघाने एका आडबाजूच्या गावाला जगाच्या नकाशावर स्थान मिळाले, हे आम्ही नाकारत नाही. परंतु वर्गात ‘काँब्रे म्हणजे इलिये’ असे समीकरण सांगितले की विद्यार्थ्याचा शोध तिथेच संपतो. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे : इलियेतले काय घेतले, काय टाकले, आणि उभे असलेले चर्च लेखणीने का पाडले? तो प्रश्न जिवंत ठेवायचा, तर त्या दोन नावांमधली छोटी आडवी रेघ जोडणारी नव्हे, तर अंतर दाखवणारी म्हणून वाचावी लागेल.