डिस्क की डाउनलोड?

टी. टी. नगरच्या न्यू मार्केटमध्ये गेमची डिस्क मिळाली, तरी लावणार कुठे? नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. म्हणून डाउनलोड सोयीचं, मान्य. पण तिथे आपण गेम घेत नाही, खेळायची परवानगी घेतो. २०२४पासून स्टीम पैसे भरतानाच तसं सांगतं.

डिस्क असली म्हणजे निर्धास्त, असंही नाही. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ला एकट्याने खेळतानाही सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ला तो बंद झाला आणि डिस्कवालेही अडकले.

तेव्हा खरा प्रश्न वेगळाच: कंपनीला न विचारता गेम चालतो का? गॉगवरून इन्स्टॉलर उतरवून पेनड्राइव्हवर जपून ठेवता येतो. माझ्या मते पैसे अशा ठिकाणीच घालावेत.